सममितीचा सोस

गेल्या दिवाळीत नागपुरातील नंदनवन भागात एका मंडळाने रांगोळ्यांची स्पर्धा भरविली होती. तीन परीक्षकांपैकी एक म्हणून आम्हांस बोलावणे आले. आमचे रांगोळीचे ज्ञान दारातील रांगोळी पायाखाली न तुडविण्याइतकेच आहे. परंतु परीक्षक होण्यास विषयाचे ज्ञान लागते अशी अट हल्ली कोठेच आढळत नसल्यामुळे आम्ही आमंत्रण स्वीकारले. त्या संध्याकाळी जो अन्याय झाला त्याच्या निकालपत्रावर आमचीही सही आहे. ती सही आम्ही का केली याला भिडेखेरीज दुसरे उत्तर आमच्यापाशी नाही. ती चुकीची का होती, हे मात्र सांगता येण्यासारखे आहे.

मैदानात चुन्याने चौकोन आखून दिले होते. तीसेक रांगोळ्या होत्या. मोर होते, कमळे होती, गणपती होते, रंगांचे भरगच्च गालिचे होते. आणि एका कडेला, उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदावरून ठिपके पाडून काढलेली, एक निमूट पांढरी रांगोळीही होती. तिला शेवटी काही मिळाले नाही, कारण तिच्यात रंग नव्हते. तिच्या शेजारी अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने जे काढले होते ते पाहून आम्ही थबकलो. गेरूने सारविलेल्या जमिनीवर तिने इंच-इंचाची घरे आखली होती. सर्वांत वरच्या ओळीत एकच घर रांगोळीने भरलेले. त्याखाली तीन घरे, तिन्ही भरलेली. त्याखाली पाच घरांची जागा. त्यांत डावीकडून दोन भरलेली, दोन रिकामी, एक भरलेले. अशा ३२ ओळी उतरत जाऊन शेवटची ओळ ६३ घरांची, म्हणजे सव्वापाच फूट रुंद झाली होती. एकूण १०२४ घरे. डाव्या कडेने तिरप्या पट्ट्या कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या शिस्तीत होत्या. मध्यभागी आणि उजवीकडे मात्र लहानमोठे रिकामे त्रिकोण असे विखुरले होते, की त्यांच्यात काही क्रम आहे असे म्हणवेना आणि नाही असेही म्हणवेना.

बाजूला तिने खडूने नियम लिहून ठेवला होता. कोणतेही घर भरावे की नाही हे त्याच्या वरच्या ओळीतील तीन घरे, म्हणजे नेमके वरचे आणि त्याची डावी-उजवी शेजारीण, पाहून ठरवावयाचे. डावे घर रिकामे असेल, तर मधले किंवा उजवे यांपैकी एक तरी भरलेले असल्यास खालचे भरावे. डावे भरलेले असेल, तर मधले व उजवे ही दोन्ही रिकामी असली तरच खालचे भरावे. एवढेच. या नियमाखेरीज ३२ ओळींत तिने आपल्या मनाचे एकही घर भरलेले नव्हते. आम्ही पहिल्या सहा-सात ओळी बोटाने ताडून पाहिल्या. चूक सापडली नाही.

मुख्य परीक्षक हे चित्रकलेतील जुने, अनुभवी गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "बेटा, ही अर्धवट का राहिली?"

"नाही सर, पुरी झाली. ३२ ओळी ठरवल्या होत्या."

"पण दोन्ही बाजू जुळत नाहीत."

"नियमच तसा आहे सर."

"नियम सारखा असेल तर रांगोळी सारखी यायला पाहिजे. निसर्ग बघ. फुलपाखरू बघ. आपला चेहरा बघ." आणि गुणपत्रकातील 'सममिती : २० गुण' या रकान्यात त्यांनी शून्य मांडले. पहिले बक्षीस पिसारा फुलविलेल्या मोराला मिळाले. त्याची मान डावीकडे वळलेली होती. तिचे गुण कापण्यात आले नाहीत.

इतके होऊन संपते तर आम्ही कदाचित लेखणी उचलली नसती. परंतु बक्षीस समारंभास अध्यक्ष म्हणून एक विद्वान वक्ते आले होते, आणि त्यांच्या भाषणाचा विषय असा की, आमची रांगोळी हाच जगातील पहिला संगणक होय. पाश्चात्त्यांना जे गणित काल-परवा सुचले ते आमच्या पूर्वजांनी उंबरठ्यावर काढून ठेवले होते. सबब आम्हांला कोणाकडून काही शिकावयाचे उरलेले नाही. टाळ्या पडल्या. त्यांच्यापासून वीस पावलांवर त्या गणिताचे जिवंत उदाहरण शून्य गुण घेऊन जमिनीवर पडले होते. त्याकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. सममितीवाचून काही सुंदर नाही म्हणणारे परीक्षक आणि आमच्याकडे सर्व काही होतेच म्हणणारे अध्यक्ष, ही दोन माणसे वरवर भिन्न दिसतात. आमच्या मते दोघांचा आजार एकच आहे: समोरची वस्तू पाहावयाची नाही.

आता ती वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीत तिला सेल्युलर ऑटोमेटन म्हणतात. मराठीत त्यासाठी अर्धा डझन अवजड संस्कृत समास सुचविता येतील. आम्ही सरळ 'पट' म्हणू, कारण सारीपाटापासून बुद्धिबळापर्यंत ज्याला घरे असतात त्याला आपण पटच म्हणतो. या पटावर खेळाडू नसतो. प्रत्येक घर फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहते, एका ठरलेल्या नियमाने भरते किंवा रिकामे होते, आणि सर्व घरांना नियम एकच. १९४० नंतरच्या दशकात जॉन फॉन नॉयमन आणि स्तानिस्लाव उलाम यांनी ही कल्पना मांडली. १९७० साली इंग्लंडातील जॉन कॉनवे यांनी 'लाइफ' नावाचा पट रचला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मार्टिन गार्डनर यांच्या मासिक सदरातून तो जगभर पोहोचला. त्या मुलीचा पट त्याहून साधा, एका ओळीचा आहे. तीन घरांच्या भरल्या-रिकाम्या अवस्था आठ होतात. प्रत्येकीपुढे 'भर' किंवा 'सोड' असे दोन पर्याय. म्हणून असे नियम एकंदर २५६. स्टीफन वोल्फ्रम यांनी १९८३ साली त्यांना क्रमांक दिले. मुलीने निवडलेला नियम ३० क्रमांकाचा.

मुख्य परीक्षकांचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे, आणि ती मर्यादा आम्ही प्रथम मान्य करून टाकतो. नियम डाव्या-उजव्याला समान लेखणारा असेल आणि आरंभीची ओळही दोन्हीकडे सारखी असेल, तर पुढील प्रत्येक ओळ दोन्हीकडे सारखीच येणार. ती सममिती पुढे केव्हाही मोडावयाची नाही. पिएर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ सालीच कारणातील सममिती कार्यात उतरते असे सांगितले. तेव्हा मुलीच्या रांगोळीच्या दोन बाजू जुळत नाहीत यावरून एवढेच सिद्ध होते की एक तर आरंभ विषम असला पाहिजे किंवा नियम. आरंभ तर एका घराचा, म्हणजे निर्दोष सममित. राहिला नियम. तो डाव्या घराला एक न्याय लावतो व उजव्याला दुसरा. पण ही गोष्ट तिने लपविली होती काय? तिने ती खडूने लिहून ठेवली होती! परीक्षकांनी नियम वाचला असता तर तिसऱ्या ओळीत काय होणार हे त्यांना आधीच समजले असते.

आता हिशेब करा. आरशासमोर धरले तरी जे बदलत नाहीत असे नियम २५६ पैकी अवघे ६४ आहेत. उरलेले १९२, म्हणजे बारा आणे, मुख्य परीक्षकांच्या दारातून परत जाणार. त्यांत ३० क्रमांकाचा आहे, ज्याची मधली रांग इतकी बेभरवशाची दिसते की वोल्फ्रम यांनी तिच्यापासून यदृच्छ संख्या काढण्याची सोय आपल्या संगणक-प्रणालीत केली. त्यांत ११० क्रमांकाचा आहे. या एका नियमावर, सोंगट्या योग्य मांडल्या तर, जगातील कोणताही संगणक जे करील ते सर्व करता येते, असे मॅथ्यू कुक यांनी सिद्ध केले व २००४ साली प्रसिद्ध केले. आमच्या स्पर्धेत आला असता तर त्यालाही २० पैकी शून्य.

आणि सममिती म्हणजे आरसाच काय? येथे मूळ गैरसमज आहे, आणि तो एका परीक्षकाचा नसून आपल्या सर्व शिक्षणाचा आहे. शाळेत कागदाची घडी घालून शाईचा ठिपका दाबावयाचा आणि उघडून दोन्हीकडे सारखे डाग पाहावयाचे, एवढाच सममितीचा पाठ आपण घेतो आणि जन्मभर पुरवितो. ज्या क्रियेने वस्तू बदलूनही बदललेली दिसत नाही, ती प्रत्येक क्रिया त्या वस्तूची एक सममिती होय. आरसा ही अशी एक क्रिया. फिरविणे ही दुसरी. सरकविणे ही तिसरी. मुलीच्या पटावर सरकविण्याची सममिती पूर्ण होती. तिने आरंभीचे घर चार बोटे उजवीकडे घेतले असते तर सबंध रांगोळी तशीच्या तशी चार बोटे उजवीकडे गेली असती. पहिल्या ओळीला जो कायदा तोच बत्तिसाव्या ओळीला; कडेच्या घराला जो कायदा तोच मध्यभागी बसलेल्या घराला. मोठमोठ्या राज्यघटनांना जी समता कागदावर लिहून अमलात आणता येत नाही ती या मुलीने नंदनवनाच्या मैदानात सव्वापाच फुटांत पाळून दाखविली, आणि आम्ही तिला सांगितले की यात सममिती नाही.

कोणी म्हणेल, ही गणिताची पोपटपंची झाली; रांगोळी हे मंगल चिन्ह आहे आणि दारात विस्कटलेली आकृती नको. ठीक. मग मंगल चिन्हांकडेच जाऊ. स्वस्तिकाहून मंगल चिन्ह कोणते? ते आरशात धरून पाहा. त्याचे हात उलट्या दिशेस वळतात. ते दुसरेच चिन्ह होते, आणि घरातील कोणतीही वृद्ध बाई ते तत्काळ ओळखून पुसून टाकील. स्वस्तिकाला आरशाची सममिती मुळीच नाही. पाव वळसा फिरविले की ते जसेच्या तसे राहते, एवढी एकच सममिती त्याच्या ठिकाणी आहे, आणि तेवढ्यावर ते हजारो वर्षे आमच्या उंबरठ्यावर उभे आहे. 'दोन्ही बाजू जुळत नाहीत' हा जर दोष असेल तर मुख्य परीक्षकांनी प्रथम आपल्या दारचे स्वस्तिक पुसावे.

त्याहूनही मौज लक्ष्मीच्या पावलांची आहे. दिवाळीत अंगणापासून देवघरापर्यंत जी पावले काढतात ती एकापुढे एक, डावे-उजवे-डावे अशी चालती काढली, तर त्या ओळीच्या मध्यावर आरसा ठेवून काही साधत नाही: डाव्या पावलासमोर उजवीकडे जागा रिकामी असते. परंतु आरशातील ओळ एक पाऊल पुढे सरकवा, आणि ती मूळ ओळीवर तंतोतंत बसते. आरसा आणि सरकणे ही दोन्ही मिळून एक सममिती. एकट्या आरशाने ती होत नाही व एकट्या अर्ध्या ढांगेनेही होत नाही. ही सममिती चालण्याची आहे. दोन्ही पाय एकदम टाकणारा माणूस आरशाच्या दृष्टीने निर्दोष असतो; पण तो चालत नाही, उड्या मारतो. आता कॉनवे यांच्या 'लाइफ' पटाकडे या. त्यात प्रत्येक घराला आठ शेजारी. भरलेले घर दोन किंवा तीन शेजारी भरलेले असतील तर टिकते, रिकामे घर नेमके तीन शेजारी भरलेले असतील तर भरते. या पटावर पाच घरांची एक लहान आकृती आहे, तिला ग्लायडर म्हणतात. चार पावलांत ती एक घर तिरपी सरकते आणि जशीच्या तशी होते. त्या वाटेवर दोनच पावलांनंतर पाहिले तर ती स्वतःच्या आरशातील प्रतिमेसारखी, किंचित पुढे सरकलेली दिसते. लक्ष्मीच्या पावलांची जी सममिती तीच ग्लायडरची. आमच्या विद्वान अध्यक्षांनी हे सांगितले असते तर आम्हीही टाळ्या वाजविल्या असत्या. कारण येथे पूर्वजांनी केंब्रिजचा शोध लावला असा दावा नाही, दोन निरनिराळ्या हातांना चालणाऱ्या वस्तूचे एकच लक्षण सापडले एवढेच आहे, आणि ते कोणालाही आपल्या अंगणात ताडून पाहता येते.

निसर्गाचा दाखलाही तितकाच लंगडा आहे. फुलपाखरू जुळते हे कबूल. पण निसर्ग सगळा आरशातून निघाला असता तर देवघरात दक्षिणावर्ती शंखाला सोन्याचा भाव आला नसता. शंखाच्या बहुतेक साऱ्या जातीला एकाच दिशेने वळण्याची सवय आहे, म्हणूनच एखादा उलट वळलेला सापडला तर त्याचे मोल. आणि ज्या छातीवर हात ठेवून वक्ते बोलतात तिच्यातील हृदय तर डावीकडेच कललेले असते.

सममितीच्या भक्तांना आम्ही आणखी एक अडचणीचा प्रश्न विचारतो. सर्वांत सममित पट कोणता? ज्याचे एकही घर भरलेले नाही तो. आरसा धरा, फिरवा, सरकवा, त्यात तिळमात्र फरक पडत नाही. कॉनवे यांच्या नियमाने सममिती वाढू शकते, घटू शकत नाही. वेडीवाकडी मांडणी झडत झडत चौकोनी ठोकळा होऊन बसेल, किंवा सगळीच विझेल. पण ठोकळ्याकडे पाहून तो कोणत्या मांडणीतून आला हे मागे जाऊन सांगता यावयाचे नाही, कारण असंख्य निरनिराळ्या वाटा त्याच ठोकळ्याला येऊन मिळतात. म्हणजे पटावर दिसणारी सममिती पुष्कळदा विस्मरणाची खूण असते. याउलट त्याच पटावर पाच घरांची एक विषम मांडणी आहे, आर-पेंटोमिनो नावाची. नियम आठही दिशांना समान न्याय देणारा. मांडणी मात्र जराशी वाकडी. तेवढ्या वाकडेपणावर ती ११०३ पिढ्या धुमसत राहते, सहा ग्लायडर बाहेर सोडते आणि ११६ घरे भरलेली ठेवून मग कोठे शांत होते. तीच पाच घरे अधिक चिन्हासारखी चोहोंकडे सारखी मांडा: दहा पिढ्यांच्या आत सगळा खेळ चार सारख्या लुकलुकत्या काड्यांवर येऊन थांबतो.

सममित रांगोळीचा आम्ही द्वेष करतो असा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्या आजीची ठिपक्यांची रांगोळी चोहोंकडून सारखी असे, आणि ती पाहण्यासाठी आम्ही शाळेला उशीर केलेला आहे. आमचे म्हणणे इतकेच की अशा रांगोळीत एक चतुर्थांश कला आणि तीन चतुर्थांश नक्कल असते. आजीचे कसब त्या पहिल्या चतुर्थांशात असे. परीक्षक गुण देतात ते नकलेला. कोपरा कसा निघाला हे कोणी विचारीत नाही, चारही कोपरे सारखे आहेत की नाहीत तेवढे टेप लावून पाहतात.

सममिती आपणहून कशी उगवते, आणि तिच्यामागे डोळ्यांना न दिसणारी सममिती कशी असते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण आमच्याच राज्यात झालेल्या कामात आहे, आणि त्या संध्याकाळी ते कोणालाही आठवले नाही. नंदनवनातील एखादा लेआउट डोळ्यांपुढे आणा. सरळ रस्ते, चौरस प्लॉट, प्रत्येक घराला चार शेजारी. संक्रांतीचा दिवस आहे. नियम असा की ज्या घरात तिळगुळाचे चार किंवा अधिक लाडू जमतील त्याने चारही शेजाऱ्यांना एकेक लाडू द्यावा. लेआउटच्या कडेच्या घरांनी आपला वाटा रस्त्यावरून जाणाऱ्याला द्यावा, म्हणजे वाटप केव्हा तरी थांबेल. एका घराने दिले की शेजारच्या घरी चार होतात, ते देते, मग त्याच्या शेजारचे, आणि कधी दोन घरांत शमते तर कधी साऱ्या लेआउटभर धावपळ होते. लाडूंच्या जागी वाळूचे कण घातले की पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीझनफेल्ड यांनी १९८७ साली मांडलेला वाळूच्या राशीचा पट तयार होतो.

आता शंका येते. एकाच वेळी दोन घरांत चार-चार लाडू झाले तर आधी कोणी द्यावे? काकूंनी आधी दिले आणि मावशींनी मागून, किंवा उलट, तर शेवटी कोणाच्या घरी किती उरतील यात फरक पडेल काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली दाखविले की फरक पडत नाही. शेजारच्या दोन घरांत चार-चार आहेत असे धरा. पहिल्याने आधी दिले तर त्याच्याकडे शून्य, दुसऱ्याकडे पाच. मग दुसरे देते, त्याच्याकडे एक उरतो आणि पहिल्याकडे एक परत येतो. क्रम उलटा करा. तरी एक आणि एकच. साऱ्या पटावर, कितीही मोठ्या धावपळीत, कोणत्याही क्रमाने वाटा, शेवट तोच. ही क्रमाची सममिती आहे. ती रांगोळीत आरसा ठेवून दिसत नाही, फोटोत येत नाही, तिला २० पैकी गुण देता येत नाहीत. पण तिच्यामुळे या राशींची चक्क बेरीज करता येते, आणि त्या बेरजेत शून्याचे काम करणारी एक विशिष्ट रास निघते. ती रास चौरस पटावर काढून, ० ते ३ कणांना चार रंग देऊन पाहिली, तर कोणत्याही स्पर्धेत पहिले बक्षीस मिळावे असा गालिचा उमटतो. मोकळ्या, सपाट पटावर एकाच जागी कण टाकीत गेले तरी चोहोंकडे सारखी, नाजूक नक्षी वाढत जाते. धर व त्यांचे सहकारी यांनी त्या नक्षीवर पुढे, २००९ साली, काम प्रसिद्ध केले. चारही बाजू सारख्या येतात यात नवल नाही, नियमच चौघांना सारखा आहे. एका बाजूच्या पोटात एवढी कलाकुसर कोठून आली, हे नवल आहे.

२०२२ साली धर यांना सांख्यिकीय भौतिकीतील बोल्ट्झमन पदक मिळाले. ते मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याबरोबर हे पदक घेणारे जॉन हॉपफील्ड यांना २०२४ साली नोबेल मिळाले तेव्हा ते नाव घरोघरी पोहोचले. पूर्वजांच्या संगणकाची द्वाही फिरविणाऱ्या वक्त्यांनी मुंबईत वाळूचे कण मोजणाऱ्या या माणसाचे नाव त्या संध्याकाळी एकदाही घेतले नाही. पूर्वजांचा गौरव करण्यास अभ्यास लागत नाही. समकालीनांचा करण्यास लागतो.

पूर्वजांच्या बाबतीतही हे वक्ते अन्यायच करतात. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, तीत मेरुप्रस्तार सांगितला आहे: वर एक घर, खाली दोन, त्याखाली तीन, आणि प्रत्येक घरात वरच्या दोहोंची बेरीज. त्यातील विषम संख्यांची घरे भरून सम संख्यांची रिकामी ठेवली, तर ९० क्रमांकाच्या नियमाने येणारी त्रिकोणांत त्रिकोण असलेली नक्षी तंतोतंत मिळते. हे सत्य आहे आणि आनंदाचे आहे. पण हलायुध लघु-गुरू अक्षरांची वृत्ते मोजीत होता. तो आपले काम उत्तम करीत होता. त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा दागिना अडकवून मिरवणूक काढली तर त्याचे खरे काम कोणीच पाहत नाही. गणिताला आणि अंगणाला जोडावयाचे तर कसे, हे मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली दाखविले. त्यांनी तमिळ स्त्रियांचे कोलम घेतले आणि त्यांतून चित्रांचे व्याकरण मांडले. उंबरठ्याची स्तुती त्यांनी केली नाही. उंबरठ्याशी बसून तेथील नियम उतरून घेतले.

देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर याच वर्तुळातले. चार आकडी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच करा. सर्व अंक सारखे नसले तर सातांच्या आत ६१७४ येते आणि तेथेच ठरते. हा त्यांचा १९४९ सालचा शोध. येथील कित्येक पंडितांना हा पोरखेळ वाटे. मग १९७५ साली गार्डनर यांनी, ज्यांनी कॉनवे यांना पुढे आणले त्याच सदरात, कापरेकरांवर लिहिले, आणि पोरखेळ एकाएकी गणित झाला. आम्ही नंदनवनात जे केले ते याहून वेगळे नव्हते. एका मुलीने एक नियम घेतला, तो १०२४ वेळा न चुकता पाळला, पुढे काय येणार हे स्वतःस ठाऊक नसताना पाळला, आणि जे आले ते प्रामाणिकपणे जमिनीवर ठेवले. निकाल जाहीर झाल्यावर तिचे वडील तिला, आमच्या देखत, प्रेमानेच म्हणाले, "पुढल्या वर्षी मोर काढ." ती काही बोलली नाही. झाडूने तिने स्वतःच रांगोळी एका बाजूला लोटली. सुरुवात डावीकडून केली.

गुणपत्रकातील 'सममिती' हा शब्द काढून त्या जागी 'नियम आणि त्याचे पालन' असे घालावे, आणि ज्या स्पर्धकाने आपला नियम लिहून दिला असेल त्याचा नियम परीक्षकांनी आधी वाचावा, अशी लेखी विनंती आम्ही त्या मंडळास केली. मंडळाचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. या वर्षीची गुणपत्रके छापून झाली आहेत, असे त्यांनी कळविले, आणि सोबत परीक्षक म्हणून आमंत्रण पाठविले. ते आम्ही परत केले आहे. गेल्या वर्षीच्या निकालावरील आमची सही मागे घेतल्याचे पत्रही त्यासोबत जोडले आहे.